भर उन्हात पंखा बंद: घरच्या सोलर इन्व्हर्टरची निवड आणि खर्च

फलटणजवळ माझ्या ताईच्या घरावर तीन किलोवॉटचं सोलर बसलं आहे. एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो होतो. दुपारी दोनला लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. गच्चीवर सहा पॅनल रणरणत्या उन्हात तापत होते आणि खाली आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसलो होतो. "अरे, सोलर बसवलं ना, मग हे असं कसं?" ताईने मलाच विचारलं. बसवणाऱ्याने तिला सांगितलं होतं की आता लाइट गेल्याची काळजी मिटली. ते साफ खोटं होतं, आणि त्यावर विसंबून तिने सबसिडी वजा जाता लाखाच्या वर पैसे घातले होते.

ताईसारखे अनेक जण भेटतात. सोलर घेताना सगळं लक्ष पॅनलकडे असतं. पॅनल गच्चीवर दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. इन्व्हर्टर जिन्याखाली भिंतीला टांगलेला असतो, त्याची चौकशी कोणी करत नाही. लाइट गेल्यावर घरात काय चालणार आणि काय बंद पडणार, हे मात्र तोच ठरवतो. एकूण खर्चात साध्या इन्व्हर्टरचा वाटा सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढाच असतो, पण पंचवीस वर्षं टिकणाऱ्या या सगळ्या सामानात एकदा तरी बदलावी लागणारी महागडी वस्तू तीच आहे.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तिच्याकडे आहे तो ऑन-ग्रिड इन्व्हर्टर. तो बाहेरच्या विजेची लय धरून चालतो. महावितरणच्या तारेतले २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ त्याला सतत दिसावे लागतात, आणि त्यांच्याशी जुळवून घेऊनच तो आपली वीज घरात सोडतो. तारेतली वीज गेली की त्याने लगेच बंद व्हायचं, असा नियम आहे. हा नियम माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. लाइन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढतो; त्याच वेळी एखाद्या गच्चीवरून तारेत वीज येत असेल तर तो माणूस जिवाला मुकेल. आयएस १६१६९ हे भारतीय मानक याच चाचणीचं आहे. कोटेशनमध्ये इन्व्हर्टरच्या नावापुढे हा आकडा आणि सुरक्षिततेचा आयएस १६२२१ असे दोन्ही लिहून मागा. जो विक्रेता "लाइट गेली तरी चालेल" म्हणतो आणि कोटेशनमध्ये बॅटरी दाखवत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नका.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. तो ग्रिडलाही जोडलेला असतो आणि बॅटरीलाही. लाइट गेली की तो तारेशी संबंध तोडतो आणि ठरवून दिलेल्या काही दिवे-पंख्यांना वेगळ्या वायरिंगवरून वीज देतो. तिसरा प्रकार ऑफ-ग्रिड, म्हणजे ग्रिडशी देवाणघेवाणच नाही. शेतातल्या खोलीला तो ठीक आहे, पण पंतप्रधान सूर्यघर योजनेची सबसिडी त्याला मिळत नाही.

तुम्हाला यातला कोणता लागेल, हे तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर ठरवा. महिनाभर लाइट कधी गेली आणि किती वेळाने आली, ते त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. पुणे, ठाणे, नाशिकसारख्या शहरात बहुतेकांच्या कॅलेंडरवर महिन्याला चार-पाच नोंदी, त्याही अर्ध्या-एक तासाच्या, असं दिसेल. अशा घराने साधा ऑन-ग्रिड घ्यावा आणि घरातला जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर तसाच ठेवावा. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात, फक्त सोलरची जोडणी मुख्य लाइनवर हवी. बॅटरीवाल्या इन्व्हर्टरच्या किंवा जनरेटरच्या आउटपुटवर ती कधीही करू नये. वीसेक हजारांच्या जुन्या सोयीवर जे भागतं त्यासाठी हायब्रिडचे लाख-दीड लाख घालायचं कारण नाही.

शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. गावठाणाचा फीडर (सबस्टेशनवरून येणारी लाइन) वेगळा असतो, तर मळ्यातली अनेक घरं शेतीच्या फीडरवर असतात. तिथे पाळीप्रमाणे वीज येते आणि जाते. दिवसा वीज नाही त्या आठवड्यात ऑन-ग्रिड इन्व्हर्टर दिवसभर निजून राहतो. बिल तर वाचत नाहीच, पंखाही फिरत नाही. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून जोर देऊन लिहितो: तुमचं घर कोणत्या फीडरवर आहे हे वायरमनला विचारल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नका. शेतीच्या फीडरवर असाल तर हायब्रिडच घ्या, नाही तर थांबा.

आता बॅटरी केवढी लागेल ते पाहू. तीन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, म्हणजे २२५. सहा एलईडी दिवे मिळून ६०, टीव्ही ८०, वायफायचा राउटर १५. बेरीज ३८० वॉट. हे सगळं सलग चार तास चालवायचं तर दीड युनिट वीज लागते. फ्रिज धरला तर दोन युनिट. लिथियमची बॅटरी ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, म्हणून अडीच किलोवॉट-तासांची पुरे. नेहमीची १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी कागदावर १.८ किलोवॉट-तास दाखवते, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे अशा दोन तरी हव्यात. पंखे बदलून बीएलडीसी घेतले तर पंख्याला ३० वॉटच्या आसपासच लागतात आणि बॅटरीचा सगळा हिशेब खाली येतो. हायब्रिड घेणाऱ्याने आधी पंखे बदलावेत, असं माझं ठाम मत आहे. गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर बॅकअपवर घेऊ नका. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर तिथेच दम सोडतो. हायब्रिडच्या माहितीपत्रकात ग्रिडवरची क्षमता आणि बॅकअपची क्षमता असे दोन वेगळे आकडे असतात. विक्रेता मोठा तेवढाच सांगतो.

किती किलोवॉटचा घ्यावा याचं उत्तर बिलात आहे. मागच्या बारा महिन्यांचे युनिट बेरीज करा आणि बाराने भागा. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. जुलै-ऑगस्टमध्ये ते बरेच घटतं आणि मार्च-एप्रिलमध्ये भरून येतं. सरासरी वापर तीनशे युनिट असेल तर अडीच ते तीन किलोवॉट पुरे. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढचं युनिट पहिल्या शंभरांपेक्षा जवळजवळ दुपटीने महाग पडतं, त्यामुळे खरी बचत त्या वरच्या युनिटांत आहे. सगळं बिल शून्यावर आणायच्या हट्टाने जादा पॅनल लावू नका. स्थिर आकार तरीही भरावाच लागतो, आणि आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना आपण भरतो तो दर मिळत नाही.

सबसिडीचा हिशेब इन्व्हर्टरशीही जोडलेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. जास्तीत जास्त ७८,०००. पॅनलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी असेल ती यासाठी धरतात. स्वस्तात मिळाला म्हणून ३ किलोवॉटच्या पॅनलखाली अडीचचा इन्व्हर्टर लावला, तर ७८,००० ऐवजी ६९,००० हाती येतात. वाचवले दोन-तीन हजार आणि गमावले नऊ. याउलट पॅनल इन्व्हर्टरपेक्षा थोडे जास्त, म्हणजे तीनच्या इन्व्हर्टरवर सव्वातीन-साडेतीन किलोवॉट असणं चांगलंच. ऊन कडक असतं तेव्हा पॅनलही तापलेला असतो आणि तापलेला पॅनल कमी वीज देतो. प्रत्येक अंशाला त्याची ताकद सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटते. विदर्भात मे महिन्यात पॅनल ६५ अंशांवर जातो, तेव्हा तीन हजार वॉटचे पॅनल छापील आकडा गाठतच नाहीत.

सबसिडीसाठी पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, त्यांना बाजारात डीसीआर म्हणतात. बॅटरीला सबसिडी नाही. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र शासनाच्या स्मार्ट योजनेतून वेगळी भर मिळते, तिची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करा. गोव्यात वीज खात्याकडे आणि मुंबईत तुमचं बिल ज्या कंपनीचं असेल तिच्याकडे अर्ज जातो. केंद्राची सबसिडी सगळीकडे तीच.

सिंगल फेज कनेक्शन असेल तर इन्व्हर्टर सिंगल फेजच. तीन किलोवॉटचा साधारण १३ अँपिअर देतो, पाचचा बावीसच्या आसपास. घरात थ्री फेज असून सोलर तीनच किलोवॉटचं हवं असेल, तर एका फेजवर सिंगल फेज इन्व्हर्टर बसवता येतो आणि तो स्वस्तही पडतो. मात्र महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला ते मान्य आहे का हे आधी विचारा, आणि जो फेज वारंवार उडतो त्याच्यावर तो देऊ नका. मंजूर भार कमी आहे म्हणून कोणी अडवत असेल तर २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत झालेला बदल लक्षात ठेवा: दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही आणि भार वाढवून देण्याची जबाबदारी वीज कंपनीची आहे.

पुढचं थोडं किचकट आहे, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पॅनल एकामागे एक जोडले की त्यांचे व्होल्ट बेरजेत जातात आणि करंट तेवढाच राहतो. ५४० वॉटचा एक पॅनल चालू असताना साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअर देतो, आणि काहीच जोडलेलं नसताना ४९-५० व्होल्ट दाखवतो (हे त्याचे कोरे व्होल्ट). असे सहा जोडले की चालू असताना २५० व्होल्ट होतात. तीन किलोवॉटच्या इन्व्हर्टरला हे छान मानवतं. पण "आत्ता दोनच पॅनल लावू, पुढे वाढवू" असं म्हणून तीनचा इन्व्हर्टर घेतला तर दोन पॅनलचे ऐंशी-ब्याऐंशी व्होल्टच होतात, आणि काही इन्व्हर्टर शंभर-सव्वाशे व्होल्टखाली जागेच होत नाहीत. दुसऱ्या टोकाला दहा पॅनल एका ओळीत जोडले तर कोरे व्होल्ट पाचशेला टेकतात. थंडीत व्होल्ट आणखी वाढतात, निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे पाच टक्के तरी. ज्या इन्व्हर्टरची मर्यादा ५०० व्होल्ट आहे तो अशा सकाळी जळू शकतो, आणि मर्यादा ओलांडलेली असल्याने वॉरंटीही हातातून जाते. करंटचंही तसंच. जुन्या बनावटीचे काही इन्व्हर्टर एका इनपुटवर साडेबारा अँपिअरच घेतात; मोठ्या आकाराचे नवे पॅनल सतरा-अठरा देतात. वरचा करंट वाया जातो आणि वर्षभर कळतही नाही. म्हणून पॅनल आणि इन्व्हर्टर दोन्हींची माहितीपत्रकं मागवा आणि विक्रेत्याला हे आकडे कोटेशनच्या मागे पेनाने मांडायला लावा. ज्याला काम येतं तो पाच मिनिटांत मांडतो.

कोकणात आणि गोव्यात कौलारू छपराला दोन उतार असतात, सकाळी एकीकडे ऊन आणि दुपारी दुसरीकडे. सगळे पॅनल एकाच ओळीत जोडले तर सावलीतले उन्हातल्यांनाही मागे ओढतात. तिथे दोन एमपीपीटी, म्हणजे पॅनलच्या दोन ओळी वेगवेगळ्या सांभाळणारे दोन इनपुट, असलेला इन्व्हर्टर घ्या, म्हणजे प्रत्येक उताराचा हिशेब वेगळा राहतो. किंमत दोन-चार हजारांनी वाढते, ती द्यावी. माडाची सावली फिरत फिरत सगळ्या पॅनलवर येत असेल तर प्रत्येक पॅनलखाली बसणारे मायक्रो-इन्व्हर्टर आहेत. ते बरेच महाग पडतात आणि बिघडले की छपरावर चढावं लागतं. त्याआधी पॅनलची जागा बदलून पाहावी.

दुपारी बारा ते दोनमध्ये इन्व्हर्टर वारंवार बंद पडून चालू होण्याची तक्रारही वाढते आहे. कारण बहुधा तारेत असतं. एकाच ट्रान्सफॉर्मरवर दहा-बारा घरांनी सोलर लावलं की भर दुपारी सगळे तारेत वीज ढकलतात, व्होल्टेज २५०-२६० च्या घरात जातं आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला थांबतो. मीटरपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर बारीक असेल तर त्रास वाढतो. वायर जाड घ्या, अंतर कमी ठेवा. ऑर्डर देण्यापूर्वी एखाद्या दुपारी आपल्या घरातलं व्होल्टेज मोजून घ्या. तेव्हाच २४५ च्या वर असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार करा. ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलणं त्यांच्या हातात असतं.

आता पैसे. या घडीला चांगल्या कंपनीचा तीन किलोवॉटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर साधारण वीस ते पस्तीस हजारांत येतो, पाचचा पस्तीस ते पंचावन्न हजारांत. हायब्रिडला तीन किलोवॉटसाठी साठ हजार ते लाख मोजावे लागतात. लिथियम बॅटरी प्रत्येक किलोवॉट-तासाला वीस हजारांच्या आगेमागे. डीसीआर पॅनल, स्ट्रक्चर, वायरिंग आणि बसवणं धरून तीन किलोवॉटचं ऑन-ग्रिड काम एक लाख ऐंशी हजार ते दोन लाख दहा हजारांत होतं. १,९५,००० धरले आणि सबसिडी वजा केली तर १,१७,००० खिशातून जातात. महिना तीनशे युनिटांचं बिल तीन हजारांच्या आसपास येत असेल आणि त्यातले अडीच हजार वाचले, तर चार वर्षांत पैसे फिटतात. हायब्रिड आणि पाच किलोवॉट-तासांची बॅटरी घेतली तर वर दीड लाख चढतात आणि ते बिलातून फिटत नाहीत. ती किंमत रात्रीच्या पंख्याची, मुलांच्या अभ्यासाची, घरातल्या आजारी माणसाच्या मशीनची आहे. ती द्यावीशी वाटली तर जरूर द्या, पण बचतीच्या नावाखाली कोणी ती गळ्यात मारू नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने कोटेशन आलं तर परत करा. कोटेशनमध्ये "सोलर सिस्टिम ३ किलोवॉट" असा एकच आकडा चालणार नाही. इन्व्हर्टरची कंपनी आणि मॉडेल, पॅनलचं मॉडेल, डीसी आणि एसी वायरची जाडी, सर्ज प्रोटेक्शन, अर्थिंगचे तीन स्वतंत्र खड्डे, नेट मीटरचा खर्च, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. तीन खड्डे म्हणजे वीजरोधकाचा एक, डीसी बाजूचा एक आणि एसी बाजूचा एक. पैसे वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवतात, आणि मृगात पहिली वीज कडाडली की इन्व्हर्टरचा बोर्ड जातो. अर्थिंगचे पाच-सहा हजार हा त्याचा विमा समजा.

वॉरंटी पाच, सात, दहा वर्षांची मिळते. मी वर्षांइतकंच हे विचारतो की सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे आणि बिघाड झाल्यावर दुसरा इन्व्हर्टर किती दिवसांत मिळेल. बंद इन्व्हर्टर म्हणजे तीन किलोवॉटला दिवसाला बारा युनिटांचं नुकसान. महिनाभर पार्सलची वाट पाहिली तर तीन-चार हजार गेले. सूर्यघर योजनेत बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीचं बंधन आहे, ते करारात वाचून घ्या. मोबाइलवर युनिट दाखवणाऱ्या डोंगलच्या सिमकार्डचा रिचार्ज कोण करणार, हेही लिहून घ्या. आणि दहा-बारा वर्षांनी नवा इन्व्हर्टर घ्यावा लागेल असं धरून महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाका. बारा वर्षांत जवळजवळ तीस हजार होतात.

जागा निवडताना उत्तरेची, पावसाचे फटकारे न बसणारी भिंत पाहा. पत्र्याखालची जागा टाळा. उष्णता वाढली की इन्व्हर्टर स्वतःहून वीज कमी करतो. चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा ठेवा. पंखा आत बसवलेल्या मॉडेलमध्ये पाली शिरतात आणि चिकटून मरतात, म्हणून बंद पेटीचा, आयपी ६५ दर्जाचा घ्या. किनारपट्टीवर खारी हवा असते, तिथे तर तोच हवा.

नेट मीटर बसेपर्यंत सिस्टिम चालू करू देऊ नका. जुने अनेक मीटर बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलं म्हणून मोजतात, आणि तुम्ही दिलेल्या विजेचं बिल तुम्हालाच येतं. मीटर बसल्यावर, शेवटचा हप्ता देण्याआधी, भर दुपारी बसवणाऱ्याला समोर उभं करून घराचा मेन स्विच पाडा. ऑन-ग्रिड असेल तर इन्व्हर्टर लगेच थांबला पाहिजे. हायब्रिड असेल तर ठरवलेले पंखे-दिवे फिरत-जळत राहिले पाहिजेत आणि बाकीचे बंद झाले पाहिजेत. मेन परत चढवा, थोड्या वेळाने तो पुन्हा ग्रिडला जुळतो का ते पाहा. पॅनलवरचे आणि इन्व्हर्टरवरचे सिरियल नंबर मोबाइलने टिपून घ्या, ते बिलावरच्या नंबरांशी जुळवा, आणि मगच चेकवर सही करा.